साताऱ्यात रोजच्या सायकलला हबमधले गिअर घ्यावेत की डिरेल्युअर?

घर समर्थ मंदिराकडे, नोकरी एमआयडीसीत आणि मन बसलंय हबच्या, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आतल्या तीन गिअरवर, असं तुम्ही लिहिलंय. तरी मी सांगेन, डिरेल्युअरच घ्या, म्हणजे चेन एका दातेरी चाकीवरून दुसरीवर सरकवणारे नेहमीचे गिअर.

कारण एकच, संध्याकाळचा चढ. पोवई नाक्यापासून राजवाडा आणि तिथून वर तुमच्या घरापर्यंत रस्ता चढतच जातो, तोही दिवसभर राबून आल्यावर. शिमानोच्या नेक्सस तीन-गिअर हबमध्ये सगळ्यात हलका गिअर ०.७३ चा, म्हणजे मागची चाकी एक फेरा फिरली की चाक ०.७३ फेरा फिरतं. पुढे ४४ आणि मागे २२ दात्यांची चाकी लावली, तरी पायडलच्या एका फेऱ्याला मागचं चाक जवळपास दीड फेरा फिरणार. २१ गिअरच्या सायकलींना बहुतेक वेळा पुढची लहान चाकी २८ ची आणि मागची मोठीही २८ ची असते. तिथे एका फेऱ्याला चाकाचा एकच फेरा. गुडघ्यांना हा फरक पहिल्याच दिवशी कळेल. नेक्ससचं सात-गिअर हब घ्याल तर पल्ला २४४ टक्के (सगळ्यात जड गिअर हलक्याच्या २.४४ पट), म्हणजे १४ ते ३४ दात्यांच्या साध्या फ्रीव्हीलइतकाच (मागच्या चाक्यांचा संच), आणि वजन व किंमत मात्र जास्त.

हब मला मनापासून आवडतं. चेन सरळ रेषेत चालते, कमी झिजते, वर पूर्ण चेनकव्हर बसतं, त्यामुळे पावसाळ्यात पँट खराब होत नाही. उभ्या-उभ्या गिअर बदलतो. डिरेल्युअरला पायडल फिरतं लागतं, म्हणून नाक्यावर थांबायच्या आधीच हलका गिअर टाकायची सवय लावून घ्या. सांगली-मिरज ये-जा करणाऱ्याला मी हबच सुचवलं असतं, तिकडे सगळं सपाट.

पंक्चरला घाबरू नका. आपल्याकडे चाक न काढताच ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावतात. पण टायर बदलताना हबची केबल, आसाच्या टोकाची पेटी, खाचेचे वायसर, सगळं सोडवायचं आणि परत बसवल्यावर दुसऱ्या गिअरवर ठेवून खूण जुळवायची. हे करणारा मिस्त्री शोधावा लागतो. डिरेल्युअर कुरकुरला तर केबलच्या टोकाचा गोल स्क्रू हाताने थोडा फिरवून घरीच भागतं.

एक करा. मागचा गिअर ज्या पट्टीवर टांगलेला असतो तो हँगर सुटा निघणारा असेल, तर सायकल घेतानाच एक जादा मागून घ्या. सायकल उजव्या अंगावर पडली की तोच वाकतो, आणि प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा असतो.