गावाच्या पत्त्यात फक्त ‘मु. पो.’ असेल तर टपाल पोचतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: आत्यांचं गाव सांगली जिल्ह्यात, विट्याच्या पुढे. तुमच्याकडच्या पत्त्यात त्यांचं नाव, ‘मु. पो.’ आणि गावाचं नाव एवढंच आहे. घर नंबर नाही, गल्ली नाही, रस्ता नाही. त्यांना नवा चष्मा पाठवायचाय. पोस्टानं पाठवला तर पोचेल का, की कुरिअर बरं?

पोचेल. मी विट्याच्याच खानापूर तालुक्यातल्या एका गावात शाखा डाकपाल आहे. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, याच गावात तीस वर्षं टपाल वाटायचे. तेव्हा अशा माणसाला ‘ईडी’ म्हणत, म्हणजे ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’, आता ग्रामीण डाकसेवक म्हणतात. त्यामुळे घर नंबर नसलेलं टपाल घरापर्यंत कसं जातं, हे मी लहानपणापासून बघत आलेय.

आधी ‘मु. पो.’चं सांगते, कारण शहरात वाढलेल्या पुष्कळांना ती दोन अक्षरं पत्त्याआधी लिहायची नुसती रीत वाटते. मुक्काम म्हणजे माणूस राहतो ते गाव आणि पोस्ट म्हणजे टपाल कचेरी आहे ते गाव. दोन्ही एकच असेल तरच ‘मु. पो.’ एकत्र लिहायचं. आत्यांच्या गावात पोस्ट नसेल, शेजारच्या गावात असेल, तर ‘मु.’पुढे आत्यांचं गाव आणि ‘पो.’पुढे शेजारचं गाव. तालुक्याच्या पोस्टात आमच्या थैल्या भरणाऱ्या माणसाला प्रत्येक वाडीचं नाव कुठून पाठ असणार? तो ‘पो.’पुढचं नाव बघतो आणि टपाल त्या थैलीत टाकतो. तिथं चुकीचं नाव असेल तर पाकीट भलत्याच गावाला फिरून येतं.

पिनकोडही असाच नीट बघा. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवली आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. ते टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांतले पहिले तीन टपालाची वर्गवारी कुठल्या भागात होणार ते सांगतात, शेवटचे तीन वाटपाचं पोस्ट सांगतात. लोकांची गफलत होते ती इथं, की पिनकोड जिल्ह्याच्या हद्दीप्रमाणे चालतो असं त्यांना वाटतं. तसं नाही. सांगली शहर ४१६४१६, मिरज ४१६४१०, तासगाव ४१६३१२. पण त्याच जिल्ह्यातलं विटा ४१५३११, आटपाडी ४१५३०१, शिराळा ४१५४०८, म्हणजे साताऱ्यासारखे ४१५ नं सुरू होणारे. आणि सातारा जिल्ह्यातली वाई ४१२८०३, महाबळेश्वर ४१२८०६. ‘जिल्हा सांगली आहे म्हणजे ४१६ च असणार’ म्हणून आकडा दुरुस्त करणारी माणसं मी पाहिली आहेत. चांगल्या मनानं करतात, आणि टपाल दोन-तीन दिवस लांबतं.

पिनकोडला एवढं जपायचं कारण गावांची नावं. रेठरे बुद्रुक आणि रेठरे खुर्द कराड तालुक्यात, रेठरे हरणाक्ष आणि रेठरे धरण वाळवा तालुक्यात. नागठाणे साताऱ्याजवळ आहे तसं पलूस तालुक्यातही आहे. बोरगाव दोन्ही जिल्ह्यांत. बुद्रुक म्हणजे थोरलं आणि खुर्द म्हणजे धाकटं. लिहिणारा तेवढा एक शब्द गाळतो आणि आम्ही इकडे डोकं धरून बसतो. आमच्या गावातल्या एका मुलाचं नोकरीच्या मुलाखतीचं पत्र असंच आलं. अर्ज भरताना पिनकोडमधला एक आकडा चुकला होता. मुलाखतीची तारीख होऊन चार दिवस झाल्यावर ते माझ्या हातात पडलं. पोराच्या हातात पाकीट देताना मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. तेव्हापासून कुणी माझ्यासमोर अर्ज भरत असेल तर पिनकोड मी स्वतः वाचून घेते.

आता तुमचा खरा प्रश्न, घर कसं सापडतं. गाव माणसाला ज्या नावानं हाक मारतं तोच आमच्याकडे घर नंबर असतो. आमच्या गावात अर्धी आळी एका भावकीची. एकच नाव आणि एकच आडनाव असलेले पाच जण आहेत, त्यांतल्या दोघांच्या वडिलांचं नावही एक. कागदावर ते दोघे एकसारखे. गावात मात्र एक ‘ओढ्याकडचा’ आणि दुसरा ‘मिलिटरीवाला’. कोण रोज विट्याला दूध घेऊन जातो, कोण शाळेत शिपाई होता, कुणाचा बांध कुणाला लागून आहे, हे सगळं आम्हाला ठाऊक असावं लागतं. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव असलं तरी पुष्कळदा उलगडतं. कोइमतूरहून आलंय म्हणजे ते गलाईवाल्यांच्या घरचं.

गलाईवाले हा आमच्या भागाचा मोठा धागा आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ, तिकडे साताऱ्यातले माण-खटाव, हा सगळा दुष्काळी पट्टा. पाऊस नाही, शेती पिकत नाही, म्हणून इथली माणसं सोनं-चांदी गाळण्याचं, शुद्ध करण्याचं काम शिकून केरळ, तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत पांगली. गावात घरंसुद्धा ‘केरळवाले’, ‘अमृतसरवाले’ अशी ओळखतात. दिवाळीला, जत्रेला ती माणसं येतात, एरवी म्हातारी आणि कुलूप. त्यांच्या मनिऑर्डरींवर कितीतरी घरांच्या चुली पेटल्या. पाटण, जावळीकडे तीच गोष्ट मुंबईच्या गिरण्यांतल्या आणि माथाडी कामगारांच्या मनिऑर्डरींची. वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन असायचं आणि फॉर्मच्या तळाला निरोपासाठी चार बोटं जागा. आबा पैसे मोजून द्यायचे, अंगठा घ्यायचे आणि मग तो निरोप वाचून दाखवायचे. ‘बी-बियाणाला वापरा, म्हशीला हात लावू नका’ एवढाच असायचा कधी. पण म्हातारी तो दोनदा वाचायला लावायची आणि आबा दोनदा वाचायचे.

आबांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १९९९ चा कारगिलचा उन्हाळा. गावातले तीन जवान तिकडे होते. त्यांची पत्रं ‘५६ एपीओ’च्या, म्हणजे लष्कराच्या टपाल कचेरीच्या, शिक्क्याची यायची, पत्त्यात ठिकाणाचं नाव नसायचं. एका जवानाची आई रोज थैली यायच्या वेळेला पारावर येऊन बसायची. तेव्हा सकाळच्या एसटीनं थैली यायची, कंडक्टर थांब्यावर उतरवून द्यायचा. उन्हात तिला बसलेली बघून आबांनी तिला सांगितलं, ‘तू येऊ नको, मी येत जाईन.’ आणि ते जात राहिले. पत्र असो नसो, सायकल त्या मळ्याच्या वाटेला वळायचीच. पत्र नसेल त्या दिवशी बांधावरूनच सांगायचे, ‘आज न्हाई, काकू.’ एवढं सांगायला दोन किलोमीटर आत. तो जवान सुखरूप परत आला. आता त्याचीच मुलगी माझ्याकडे सुकन्या समृद्धीच्या खात्याचं पुस्तक भरून घ्यायला येते.

वाटप आता सोपं झालंय असं वाटेल, पण घर शोधणं उलट अवघड झालंय, आणि त्याचं कारण आनंदाचं आहे. टेंभू योजनेचं पाणी आलं. कराडजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं चढवून आमच्या माळापर्यंत आणलं. जिथं कुसळं उगवायची तिथं ऊस आणि द्राक्षं उभी राहिली, आणि माणसं गावठाणातून उठून रानात राहायला गेली. आधी एका आळीत उभं राहून वीस घरांचं टपाल वाटता यायचं, आता तीच वीस घरं वीस शेतांत. कागदावर आमचं काम दिवसाचं चार-पाच तासांचं. पावसाळ्यात काळ्या रानातली एक वस्ती तेवढा वेळ एकटी खाऊ शकते. साताऱ्याच्या पश्चिमेला, बामणोली-तापोळ्याकडे तर कोयनेच्या पाण्यापलीकडे लाँचनं जावं लागतं. त्या लोकांपुढे मी माझं काय सांगू!

म्हणून तुमच्या पाकिटावर वस्तीचं नाव हवंच. अमुक मळा, तमुक वस्ती, जे असेल ते. आणि आत्यांचं नाव विचार करून लिहा. तुमच्या घरात त्यांचं जे नाव आहे ते माहेरचं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर ते दुसरं, आणि आधारवर कदाचित तिसरंच. आणि गावात त्यांना कदाचित या तिन्हींतलं एकही नाव माहीत नसेल. थोरल्या मुलाच्या नावानं ‘अमक्याची आई’ म्हणत असतील. एका बाईंचं बँकेचं पाकीट माझ्याकडे असंच पडून होतं. मी गावभर विचारलं, कुणालाच ते नाव ठाऊक नव्हतं. संध्याकाळी माझ्या शेजारच्याच काकू म्हणाल्या, ‘अगं, ते मीच की.’ चाळीस वर्षं त्यांना त्या नावानं कुणी हाकच मारली नव्हती. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी त्यांना त्यांच्या नावानंच हाक मारते.

पत्रं आता किती येतात, असंही पुष्कळ जण विचारतात. हातानं लिहिलेली आता थोडीच, राखीच्या दिवसांत तेवढी पाकिटं फुगून येतात. बाकी आधार कार्ड, एटीएम कार्ड, पासपोर्ट, जमिनीच्या वादाच्या नोटिसा, पतसंस्थेची पत्रं. आणि साखर कारखान्याच्या वार्षिक सभेचे अहवाल! ते आले की एका दिवसात थैली उचलवत नाही, कारण निम्मं गाव सभासद. शिवाय २०१८ पासून पोस्टाची बँक आहे. निराधारचे, किसान सन्मानचे, लाडक्या बहिणीचे पैसे अंगठा लावून माझ्याकडे काढता येतात. ज्या आजींना विट्याला जायला एसटीचं तिकीट आणि अख्खा दिवस लागायचा, त्यांचं काम माझ्या ओसरीवर पाच मिनिटांत होतं. पोस्ट माझ्या घराच्या पुढच्या खोलीतच आहे. लोक कुलूप बघत नाहीत, थेट स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारतात.

कुरिअरबद्दल मी कुणाला नावं ठेवणार नाही. विट्यापर्यंत ते झटपट येतं. पण आमच्यासारख्या गावांना पुढे बहुतेक वेळा फोन येतो, ‘स्टँडवर येऊन घेऊन जा.’ तुमच्या आत्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही. तोच चष्मा आणायला त्यांनी एसटीनं विट्याला जायचं, हे मला पटत नाही.

तेव्हा चष्मा कडक डबीत घाला, डबी भोवती कापड गुंडाळून खोक्यात बसवा आणि स्पीड पोस्टानं पाठवा. ‘रजिस्टर करा’ म्हणायची सवय असेल तर लक्षात ठेवा, २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिळवलंय. पावतीवर तेरा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो, त्यावरून पाकीट कुठपर्यंत पोचलं ते मोबाईलवर दिसतं. पावती टाकून देऊ नका. पत्त्याखाली मोबाईल नंबर लिहा. आत्या फोन उचलत नसतील तर मुलाचा किंवा शेजाऱ्यांचा. जागा उरली तर ‘मारुती मंदिरामागे’, ‘पाण्याच्या टाकीजवळ’ असं काहीही लिहा, आम्हाला ते जास्त वाटत नाही.

आणि पाठवण्याआधी आत्यांना एक फोन करा. पोस्ट गावातच आहे की शेजारी, वस्तीचं नाव काय आणि गावात तुम्हाला काय म्हणून हाक मारतात, एवढं विचारा. शेवटचं जे सांगतील ते नावाच्या पुढे कंसात लिहा.