नोटरीचा करार आणि अडकलेलं डिपॉझिट

प्रश्न : मी मूळची लातूरची. नोकरीसाठी पुण्यात आले, वाकडला फ्लॅट घेतला. भाडं १५ हजार, डिपॉझिट ६० हजार (बँकेतून दिलं). मालकांनी ११ महिन्यांचा करार फक्त नोटरी करून दिला. बदली झाल्यामुळे सातव्या महिन्यात महिनाभराची नोटीस दिली. आता ते म्हणतात, ११ महिन्यांचा लॉक-इन (तोवर घर सोडायचं नाही अशी अट) तोंडी ठरला होता, डिपॉझिट मिळणार नाही. किल्ली अजून माझ्याकडेच आहे. करार रजिस्टर नाही, मग माझी बाजू लंगडीच ना?

उत्तर : करार रजिस्टर नाही म्हणून आपली बाजू लंगडी, असं तुम्ही धरून चालला आहात. लंगडी आहे ती मालकांची. ‘११ महिन्यांना नोंदणी लागत नाही’ हे एजंट लोकांचं पाठ वाक्य महाराष्ट्रात चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे तुमच्यासारखा भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय असा करार नसेल तर अटींबाबत तुमचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाहीत. म्हणून मालकांशी आणि एजंटशी झालेलं जुनं व्हॉट्सॲप आधी नीट वाचा. लॉक-इनला तुम्ही कुठे ‘ओके’ लिहिलं असेल, तर तोच त्यांचा पुरावा होईल.

डिपॉझिटसाठी किल्ली अडवून ठेवू नका. भाडं चढत राहील, आणि मुदत संपल्यावरही ताबा सोडला नाही तर कलम २४ खाली दुप्पट आकारणी होऊ शकते. घराचा व्हिडिओ काढा, मीटरचं रीडिंग टिपा, किल्ली दिल्याची सही घ्या. सही देत नसतील तर तसा मेसेज त्याच दिवशी पाठवा.

मग वकिलामार्फत स्पीड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस द्या, त्यात कलम ५५ चा उल्लेख हवाच. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. पोलीस चौकीत बहुधा ‘दिवाणी बाब’ एवढंच ऐकायला मिळेल. नोटिशीने भागलं नाही तर शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व तडजोडीसाठी अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण तोवर थांबू नका.

लाइट बिल थकलं असेल तर ते मात्र भरून टाका आणि पावती नोटिशीला जोडा.