घराण्याचा शोध कुठून सुरू करावा

सातारा जिल्ह्यातील मूळ गावाचा आणि घराण्याचा शोध घेण्याचा आपला विचार उत्तम आहे. मात्र थेट शिवकाळाशी नाते जोडण्याचा मोह आवरावा आणि आजोबांपासून एकेक पिढी मागे जावे.

कागदपत्रांपैकी प्रथम तहसील कार्यालयात जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांतील बदलांच्या नोंदी (गाव नमुना 6) व जन्ममृत्यूची नोंदवही (गाव नमुना 14) पाहावी. वारसाच्या फेरफारात मृत खातेदार आणि त्याचे वारस एकाच ठिकाणी सापडतात, म्हणून तोच खरा पाया. नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे (यात्रेकरूंच्या वंशावळी वह्यांत नोंदवणाऱ्या पुरोहितांकडे) आपल्या पूर्वजांची नोंद असल्यास ती पिढ्यांचा क्रम पडताळण्यास उपयोगी पडते.

नवख्यांच्या चुका ठरलेल्या असतात. आडनाव जुळले की भाऊबंद ठरवले जातात, पण जुन्या कागदांत पाटील, कुलकर्णी हे पुष्कळदा वतन (वंशपरंपरागत हुद्दा) असते, आडनाव नव्हे. दुसरी चूक सनांची. जुन्या कागदांत वेगवेगळ्या कालगणना आढळतात: शकात 78, फसलीत 590 आणि शुहूर सनात 599 मिळवल्यावर इसवी सन येतो, तोही महिन्यानुसार एका वर्षाने पुढे सरकू शकतो.

मोडी लिपी (जुन्या मराठी कागदांची लिपी) आणि पुण्याचे पुराभिलेखागार (जुनी सरकारी कागदपत्रे जपणारे कार्यालय) यांचा विचार चार पिढ्या पक्क्या झाल्यावर करू. तूर्त घरातील वृद्धांकडे आधी जावे. दप्तर थांबू शकते.