'शांताल' म्हणजे गाणे नव्हे

फ्रेंच कादंबरीचे भाषांतर करणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे: 'नायिकेचे नाव शांताल आहे. इंटरनेटवरच्या नावांच्या याद्यांत त्याचा अर्थ "गाणे" असा दिसतो, तो बरोबर का? आणि मराठीत चँटल लिहावे, शँटल की शांताल?'

'गाणे' हा अर्थ नादसाम्यावरून चिकटलेला आहे. फ्रेंचमध्ये गाण्याच्या क्रियापदाला 'शांते' म्हणतात, त्यामुळे फ्रेंच माणसालाही या नावात गाणे ऐकू येते. पण शांताल हे मुळात एका ठिकाणाचे नाव, फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या एका जहागिरीचे. त्याचा संबंध दक्षिण फ्रान्समधल्या जुन्या ऑक्सितान भाषेतल्या 'कांताल'शी लावतात, म्हणजे दगड, शिळा.

'क'चा 'श' कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. उत्तर फ्रान्सच्या बहुतेक बोलींत लॅटिन शब्दाच्या सुरुवातीच्या 'क'पुढे 'अ' किंवा 'आ' आला, की त्या 'क'चा आधी 'च' झाला आणि पुढे 'श'. 'कांपुस' म्हणजे मैदान, त्याचे झाले 'शां'. पॅरिसच्या शांझेलिझे या रस्त्याच्या नावातले 'शां' ते हेच. 'कांपानिया'चे 'शांपान्य' झाले, म्हणजे आपली शँपेन. 'कांतारे'चे 'शांते' याच नियमाने झाले आणि 'कांताल'चे 'शांताल'ही. दगड आणि गाणे एकाच वाटेने आले म्हणून सारखे ऐकू येतात, एवढेच. इंग्रजीने फ्रेंचमधून जे शब्द आधी उचलले ते 'च'च्या काळातले, म्हणून 'चेंबर'. 'शेफ' नंतर आला, म्हणून 'श'. 'चँटल' हे इंग्रजी वाचनाच्या सवयीतून येते, ते सोडून द्यावे.

जहागिरीचे नाव मुलींना कसे मिळाले? दिजाँमध्ये 1572 साली जन्मलेल्या जान-फ्रांस्वाज फ्रेमियो यांचा विवाह शांतालच्या बॅरनशी झाला. 1601 मध्ये शिकारीतल्या अपघातात पती गेले. पदरात मुले असलेल्या या विधवेने पुढे फ्रान्सिस द सेल्स यांच्यासोबत 1610 मध्ये आनसी इथे व्हिजिटेशन हा ख्रिस्ती जोगिणींचा (नन्सचा) संघ स्थापन केला. 1767 मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्यांच्या नावातला ठिकाणाचा तुकडाच विसाव्या शतकात मुलींचे पहिले नाव झाला. म्हणूनच त्याच्या शेवटी इझाबेल, मिशेल, निकोल यांच्या फ्रेंच लेखनात दिसतो तो अनुच्चारित 'ए' नाही. कुठल्या पुरुषनामाचे हे स्त्रीरूप नव्हेच.

संताच्या गावाचे नाव माणसाला देण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. गोव्यात आणि वसईत घरोघरी ऐकू येणारे 'झेवियर' हे स्पेनमधल्या नावार प्रांतातल्या एका गढीचे नाव, बास्क भाषेतल्या 'नवे घर' या अर्थाच्या शब्दांवरून आलेले. आणि नागपूरकर ज्या सेंट फ्रान्सिस द सेल्स कॉलेजला सरळ 'एसएफएस' म्हणतात, त्यातला शेवटचा 'एस' म्हणजे वर आलेले सेल्स, तेही सव्हॉयमधले ठिकाणच.

आता लेखन. 'शांताल' लिहावे. फ्रेंच उच्चारात 'न' स्वतंत्र ऐकू येत नाही, पहिला स्वरच नाकातून निघतो. 'त' दंत्य, 'ट' नव्हे. प्रमाण मराठी बोलणारा 'शान्ताल' म्हणेल, त्याला इलाज नाही. कोकणी किंवा मालवणी बोलणाऱ्याला मात्र तो सानुनासिक स्वर सहज जमेल. संस्कृत 'शांता'शी याचा काही संबंध नाही. पात्र अमेरिकेतले असेल आणि स्वतःला 'शँटेल' म्हणवत असेल, तर तसेच लिहावे. तिथे या नावाची निरनिराळी स्पेलिंगे रूढ झाली आहेत.

भाषांतरासाठी आणखी एक. फ्रान्समध्ये या नावाची लाट आली ती 1940 ते 1960च्या सुमारास. गायिका शांताल गोया यांचा जन्म 1942चा, बेल्जियमच्या दिग्दर्शिका शांताल अकरमान यांचा 1950चा. कादंबरी आजच्या पॅरिसमध्ये घडत असेल आणि नायिका विशीतली असेल, तर फ्रेंच वाचकाला ते नाव आजीच्या पिढीचे वाटते. लेखकाने ते मुद्दाम निवडले आहे का, हे संवादांतून तपासून पाहा. तसे असेल तर इतर पात्रे तिच्या नावावर काय बोलतात, ती वाक्ये भाषांतरात गाळू नका.