गाठ गळ्यात, मग हाड कशाला कापायचं?

लहान मुलांच्या ऑपरेशनआधी पालकांशी बोलायला बसलं, की गळ्यातल्या जन्मजात गाठीबाबत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "गाठ काढा, पण हाडाला हात लावू नका." असं म्हणणाऱ्या एका कुटुंबाबद्दल लिहिते. नाव बदललं आहे.

ओंकार पाच वर्षांचा. गळ्याच्या मधोमध दीड सेंटिमीटरची गाठ, सर्दी झाली की फुगायची. आजीच्या मते गंडमाळ. एकदा लाल होऊन पू धरला, तेव्हा गावाजवळ चिरा देऊन पू काढला. जखम भरली आणि काही महिन्यांत गाठ परत हजर. मग सोनोग्राफी झाली आणि निदान कळलं: थायरोग्लॉसल सिस्ट, म्हणजे गळ्यातली पाण्याची जन्मजात पिशवी. तिच्या ऑपरेशनमध्ये गळ्यातल्या हायॉइड नावाच्या हाडाचा मधला तुकडाही काढावा लागतो.

वडील शेतकरी. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मॅडम, एकदा कापलं, परत आलं. आता हाडपण कापणार. पोरगं बोलायचं बंद झालं तर?" आई गप्प.

"काही होत नाही हो" असं म्हणून धीर देणं मला पटत नाही. माणूस मान डोलावतो आणि ऑपरेशनच्या तारखेला येतच नाही. भीती नेमकी कशाची आहे ते आधी बघावं. इथे दोन भीत्या एकमेकींत अडकल्या होत्या, आवाज जाण्याची आणि गाठ परत येण्याची.

पुढच्या भेटीत वडिलांना गाठीवर हलकं बोट ठेवायला सांगितलं. ओंकारला म्हटलं, "आता मला जीभ दाखव. अजून लांब!" बोटाखालची गाठ वर सरकली. जीभ आत, गाठ खाली. वडिलांनी तीनदा करून पाहिलं.

"ही जिभेला बांधलीय का?"

"हो. थायरॉइड ग्रंथी पोटातल्या बाळाच्या जिभेच्या मुळाशी तयार होते आणि तिथून गळ्यात उतरते. तिच्या वाटेवरची नळी पुढे विरून जाते. ओंकारची थोडी राहिली, तिच्यात पाणी साठलं. ती नळी या हाडाला अगदी चिकटून जाते."

"म्हणजे कुंदाच की! वरनं खुरपला, खाली काशी राहिली, की उगवणारच." कुंदा हे शेतातलं चिवट तण, काशी म्हणजे त्याची जमिनीतली मुळी.

रिपोर्ट चार वेळा वाचून दाखवला असता तरी हे झालं नसतं. स्वतःच्या बोटाला लागलेलं माणूस नाकारत नाही.

तेवढ्यात आई बोलली, "ग्रहणात मी भाजी चिरली होती." नळी विरायची ती साधारण दहाव्या आठवड्यापर्यंत. त्यात आईच्या हातून काही चुकण्याचा प्रश्नच नसतो. तिला हे दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा सासूबाईंसमोर.

आता हाडाविषयी. वॉल्टर सिस्ट्रंक या अमेरिकन सर्जनने 1920 मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरतात: गाठ, हायॉइड हाडाचा मधला तुकडा आणि जिभेच्या मुळापर्यंतची नळी, सगळं एकसंध काढायचं. नुसती गाठ काढली तर निम्म्याच्या आसपास मुलांत ती परत येते. या पद्धतीत शंभरात तीन ते पाच जणांत. हायॉइड दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नसतं आणि स्वरयंत्र त्याच्या खाली असतं. मधला सेंटिमीटरभर तुकडा गेल्याने बोलणं-गिळणं अडत नाही.

ऑपरेशनआधी सोनोग्राफीत थायरॉइड आपल्या जागी आहे ना, हे पाहायलाच हवं. क्वचित ती गाठ हीच मुलाची एकमेव थायरॉइड असते; ती काढली तर जन्मभर गोळी. गाठ लाल, दुखरी असेल तर आधी अँटिबायोटिक. पू काढायचाच झाला तर शक्यतो सुईने. चिऱ्याने आतले थर चिकटतात आणि पुढचं ऑपरेशन अवघड होतं. सूज पूर्ण ओसरली, की साधारण दीड महिन्याने ऑपरेशन. मानेच्या बाजूला बारीक भोक असून पाणी येत असेल, किंवा बाजूला बऱ्याच गाठी असतील, तर प्रकरण वेगळं. तिथे टीबीचाही विचार करावा लागतो.

भुलीआधी सहा तास अन्न-दूध बंद, पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. रडतोय म्हणून आजी हळूच बिस्किट देते, आणि ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. पहिल्या रात्री गळा झपाट्याने सुजला किंवा श्वास घेताना आवाज आला, तर सकाळची वाट न बघता लगेच सिस्टरना उठवा.

आणि काढलेल्या गाठीचा रिपोर्ट न्यायला या. टाके सुकले की बहुतेक जण विसरतात. त्यात कर्करोग निघणं फार विरळ, शंभरात एखाद्या गाठीत, तेही बहुधा मोठ्या माणसांत. तरी कागद फाइलला लावलेला बरा.