डोळ्यांत पाणी येत नाही, म्हणजे देव दुरावला का?

प्रश्न : मी कोपरखैरण्याला राहते, नोकरी ठाण्यात. लग्नानंतर सासूबाईंच्या शेजारी बसून हरिपाठ म्हणू लागले. पहिली काही वर्षं म्हणताना डोळे आपोआप वाहायचे. गेलं वर्षभर नुसते ओठ हलतात, मन दगडासारखं. देव रागावला असेल का? की माझी श्रद्धाच वरवरची होती?

उत्तर : ताई, दोन्ही नाही. भागवताच्या पहिल्या स्कंधात, सहाव्या अध्यायात नारद व्यासांना आपल्या पूर्वजन्माची हकिगत सांगतात. आई सर्पदंशाने गेलेला तो मुलगा पिंपळाखाली ध्यानाला बसतो. हृदयात हरीचं रूप दिसतं आणि लगेच नाहीसं होतं. तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, पण व्यर्थ. मग वाणी होते : या जन्मी आता दर्शन नाही, एकदा दाखवलं ते ओढ वाढावी म्हणून. पुढचा सगळा जन्म त्याने नाम गात फिरण्यात घालवला, पुन्हा दर्शन न होता. भक्तीचे आचार्य म्हणून आपण ज्यांना मानतो, त्यांची ही गोष्ट आहे. कोरडेपण ही शिक्षा असती, तर ती नारदांच्या वाट्याला का आली असती?

आता शरीराकडे बघा. पतंजलींनी साधनेतले नऊ अडथळे सांगितले, त्यांत पहिला व्याधी. झोप अपुरी असेल, सतत थकवा असेल, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. शेवटचे दोन अडथळेही ध्यानात ठेवा : पुढची पायरी न गाठणं, आणि गाठूनही तिथे न टिकणं. म्हणजे तुमची अवस्था या वाटेवरची जुनी, ओळखीची आहे. त्यावर त्यांनी उपाय सांगितला, एकाच तत्त्वाचा अभ्यास.

इथेच बहुतेकांचं चुकतं. कोरडं वाटलं की मंत्र बदलतात, नवं पारायण लावतात, मोबाइलवर तीन-तीन प्रवचनं ऐकतात. नव्याची गोडी आठवडाभर टिकते आणि मग आणखी नवं लागतं. अशा काळात काहीही बदलू नका, फक्त नियम लहान करा. सत्तावीस अभंग उरकण्यापेक्षा पाच म्हणा, पण मोठ्याने, म्हणजे कानाला काम मिळतं आणि मन भटकलं तर लवकर कळतं. त्यानंतर ‘राम कृष्ण हरि’ची एक माळ. सावकाश केली तरी पाचेक मिनिटं लागतात. वेळ आणि जागा रोज तीच ठेवा. माळ ठेवल्यावर दोन मिनिटं गप्प बसा आणि ‘आज काही वाटलं का’ हे तपासू नका. ही तपासणीच फार थकवते.

सकाळ हुकली तर लोकलमध्ये बोटांवर जप करा : अंगठा सोडून चार बोटांची बारा पेरं, अशा नऊ फेऱ्या म्हणजे एकशे आठ. पूर्ण दिवस हुकला तर दुसऱ्या दिवशी एकच माळ, दोन नाहीत. थकबाकी साठत गेली की माणूस नियमच सोडून देतो. तीन महिने असं चालू द्या, मगच जाणत्या माणसाशी बोला. सासूबाई असतील तर आठवड्यातून एकदा तरी त्यांच्याबरोबर म्हणा. हरिपाठाच्या पहिल्याच अभंगात देवाच्या दारी क्षणभर उभं राहायला सांगितलंय, रडायला नाही.

प्रश्न : ‘मला काहीच वाटत नाही’ असं देवाला सांगितलं तर कृतघ्नपणा होईल का? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : मुळीच नाही. समर्थांची करुणाष्टकं याच तक्रारीने भरलेली आहेत. ‘अचपळ मन माझें नावरे आवरीतां’ हे थेट रामालाच सांगितलंय. आरतीनंतर तुमच्या रोजच्या बोलीत दोन वाक्यं बोला : ‘आज मन लागलं नाही. तरी मी आलोय.’ उसना गहिवर आणू नका, त्याने पुढच्या दिवशी जास्तच रितं वाटतं. भरवसा भावनेत सापडत नसेल तर वागण्यात ठेवा. नियम पाळणं, घरकामाच्या मावशींचा पगार वेळेवर देणं, दुखावलेल्या माणसाला स्वतःहून फोन करणं, यासाठी मनाचा ओलावा लागत नाही.

प्रश्न : आई गेल्यापासून बाबांनी पूजा सोडली. जेवण-झोप कमी झाली, गप्प असतात. त्यांना नामस्मरणाला बसवू का? (ऐरोली)

उत्तर : बळजबरीने नको. एकट्या पूजेतलाच रस गेला असता तर गोष्ट वेगळी, पण इथे अन्न, झोप, बोलणं सगळंच आटलंय. दुःखात हे काही दिवस होतं. मात्र दोन आठवड्यांहून जास्त असंच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. ‘श्रद्धा कमी पडली’ असं घरात कुणीही म्हणू नये. पूजा तुम्ही करा, बाबांना वाटलं तर येऊन बसतील. जगणं नकोसं झाल्याचं एकदा जरी बोलले, तरी त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.