गोल्डफिशवर पांढरे ठिपके: औषधाची बाटली थोडी बाजूला ठेवा

गोल्डफिशवर पांढरे ठिपके आलेत, टाकीत टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकू का, असं तुम्ही विचारलंय. फोडू नका, हे आधी सांगतो. टेट्रासायक्लिन जिवाणूंवर चालतं, आणि तुमच्या वर्णनात जिवाणूंच्या आजाराचं काही दिसत नाही. उलट फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतील ते वेगळंच.

तुम्ही दिलेल्या माहितीत माझं लक्ष ठिपक्यांपेक्षा क्रमाकडे गेलं. दोन फुटी टाकी, तीन आठवडे झालेले, चार गोल्डफिश. मासे आधी वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, ठिपके दोन दिवसांनी दिसले. मग दुकानदाराने दिलेलं निळं औषध (मिथिलीन ब्लू) घातलं, सगळं पाणी बदललं, स्पंज नळाखाली धुतला. म्हणजे आता टाकीत दोन भानगडी असू शकतात, आणि दोन्हींचा उपाय एक नाही.

पहिली अमोनियाची. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजवर, खड्यांवर वाढतात, आणि त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुमचे जे थोडेफार वाढले असतील ते नळाच्या क्लोरीनने आणि मिथिलीन ब्लूने बरेचसे गेले असणार. २४×१२×१२ इंचांच्या टाकीत खडे आणि वरची मोकळी जागा वजा केली की जेमतेम ४५-५० लिटर पाणी राहतं. चार गोल्डफिशना ते कमीच आहे, दुकानात काहीही सांगोत.

म्हणून थेंबांचा टेस्ट किट आणा. अमोनिया किंवा नायट्राइट शून्याच्या वर दिसलं, की रोज पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. नव्या पाण्यात अँटी-क्लोरीन घाला आणि त्याचं तापमान टाकीइतकंच ठेवा. पूर्ण पाणी बदलायचं नाही. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. खाणं दोन दिवस बंद. गोल्डफिशला त्याने काही होत नाही. घरातल्या लहान मुलांना मात्र हे पटवावं लागतं.

दुसरी भानगड ठिपक्यांची. पण नर गोल्डफिशला प्रजननाच्या काळात कल्ल्याच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेवर पांढरे, एकसारखे ठिपके येतात, आणि तो आजार नव्हे. मासा खातो, हुंदडतो. या ठिपक्यांवर औषध ओतणारे कितीतरी जण पाहिलेत. तुमच्या माशांचे ठिपके मात्र शेपटीवर, पाठीवर कसेही विखुरलेले आहेत, मासे खड्यांना अंग घासतात, म्हणजे हा व्हाइट स्पॉटच, ज्याला सगळे 'इच' म्हणतात. हा परजीवी कल्ल्यांतही बसतो, त्यामुळे धाप त्यानेही लागू शकते. म्हणून तर टेस्ट किटशिवाय अंदाज बांधायचा नाही.

उपचार फसतो तो याचं चक्र माहीत नसल्यामुळे. दिसणारा ठिपका कातडीखाली सुरक्षित असतो, औषध त्याला लागत नाही. तो पिकून गळतो, तळाशी चिकटतो, फुटतो, आणि त्यातून शेकडो पिल्लं मासा शोधत पोहतात. मारता येतात ती एवढीच. पाणी २५-२६ अंशांवर असेल तर हे चक्र आठवड्याच्या आत फिरतं, थंडीत बरंच लांबतं. नाशिकच्या डिसेंबरच्या रात्री हीटरशिवायच्या टाकीत रोग रेंगाळतो तो याचमुळे. ठिपके गेले म्हणून तिसऱ्या दिवशी औषध थांबवलं, की आठवड्यात दुप्पट परत येतात.

तेव्हा हीटर लावून तापमान २६-२७ अंशांपर्यंत न्या, पण दिवसभरात हळूहळू. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून एअर पंप रात्रंदिवस चालू हवा. खडे मीठ लिटरला दोन ग्रॅम, म्हणजे तुमच्या टाकीला साधारण १०० ग्रॅम, बादलीत विरघळवून दीड-दोन दिवसांत तीन हप्त्यांत घाला. मीठ वाफेबरोबर उडत नाही, त्यामुळे जेवढं पाणी काढाल तेवढ्याच पाण्याचं मीठ परत घालायचं. नायट्राइट असेल तर मिठातल्या क्लोराइडने तिथेही मदत होते. शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी आठवडाभर हेच चालू ठेवा. टाकीत सकर, लोच असे तळाशी राहणारे मासे किंवा झाडं असतील तर हे प्रमाण त्यांना झेपणार नाही, त्यांना वेगळं काढू नका, तेही संसर्ग घेऊन जातील. आधी इथे कळवा.

पाच-सहा दिवसांत ठिपके वाढतच राहिले तर मॅलॅकाइट ग्रीनचं औषध बाटलीवरच्या प्रमाणात, टाकीत खरंच जेवढे लिटर पाणी आहे त्यावर मोजून. फिल्टरमधला कार्बन आधी काढा, नाहीतर तोच औषध शोषून घेतो. हाताला लागू देऊ नका, हातमोजे घाला. मात्र दोन औषधं एकत्र नकोत. आत्ताचं निळं पाणी रोजच्या बदलात आपोआप फिकट होईल.

किटचं रीडिंग आणि पाण्याचा पीएच इथे टाका. पीएच ८ च्या आसपास असेल, बोअरचं पाणी असेल तर बहुधा असेलच, तर तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो आणि पाणी बदलण्याचं प्रमाण मी वाढवून सांगेन.